आडवी बाटलीच्या अर्जावरील सह्या बाद का होतात?

प्रश्न : आमच्या गावातील परवानाधारक देशी दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून आम्ही महिलांनी सह्यांचा अर्ज दिला होता. पडताळणीत बऱ्याच सह्या बाद झाल्या आणि अर्ज निकाली निघाला. पुन्हा अर्ज करताना काय काळजी घ्यावी?
– एक वाचक भगिनी, गुहागर तालुका

उत्तर : 25 मार्च 2008 च्या शासन आदेशानुसार गावातील किमान 25 टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांपैकी तितक्याच टक्क्यांनी लेखी मागणी केली, तर राज्य उत्पादन शुल्क खाते सह्यांची पडताळणी करते आणि त्यानंतर जिल्हाधिकारी गुप्त मतदानाचा आदेश देतात. मतपत्रिकेवर आडवी बाटली म्हणजे दुकान बंद आणि उभी बाटली म्हणजे दुकान चालू. यातील 25 टक्के हे मतदारयादीवरील नावांचे आहेत, गावात प्रत्यक्ष राहणाऱ्यांचे नव्हेत, आणि कोकणातील बहुतेक अर्ज इथेच अडतात. यादीत 640 महिला असतील तर 160 सह्या हव्यात. मात्र त्या 640 मध्ये मुंबईला स्थायिक झालेल्या, लग्न होऊन गेलेल्या आणि मयत झालेल्यांची नावेही मोजली जातात. म्हणून सह्यांना हात घालण्यापूर्वी यादीची ताजी प्रत मिळवावी व मयत आणि स्थलांतरितांची नावे कमी करण्यासाठी नमुना 7 भरून द्यावा. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होत असल्याने दुरुस्ती तिथेच करावी लागते.

सही घेताना प्रत्येक नावापुढे यादीतील भाग क्रमांक व अनुक्रमांक लिहावा, आणि नाव यादीत आहे तसेच लिहावे. यादीत माहेरचे नाव आणि अर्जावर सासरचे, एवढ्या फरकानेही खरी सही संशयात सापडते. एकाच शाईत, एकाच वळणाच्या ओळीने तीन सह्या दिसल्या की अधिकारी त्या घरातील तिघींनाही समक्ष बोलावतात. तेव्हा जावेची सही जावेने करणे हा केवळ निष्काळजीपणा राहत नाही, ती खोटी सही ठरते आणि साऱ्या अर्जाची पत जाते. लिहिता न येणाऱ्या भगिनींचा अंगठा घ्यावा व साक्षीदाराने आपले नाव लिहून सही करावी. सह्या गरजेपेक्षा बऱ्याच जास्त असाव्यात. पडताळणीच्या दिवशी कुणी मासळीच्या लिलावाला, कुणी आंब्याच्या बागेत गेलेली असते, आणि दुकानदाराच्या दबावाने एखादी ऐनवेळी माघारही घेते. तिला दोष देण्यापेक्षा आधीच तिच्या पाठीशी उभे राहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. अर्जाची आवक क्रमांकासह पोच जपून ठेवावी. मागील पडताळणीचा अहवाल माहितीच्या अधिकारात मागवला, तर कोणती सही कोणत्या कारणाने बाद झाली ते कळू शकेल.

मतदानातही हाच हिशेब आहे. आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे वरील उदाहरणात किमान 321 मते लागतात; न आलेल्या मतदाराचा लाभ आपोआप दुकानाला मिळतो. तारीख प्रशासन ठरवते, तरी भातलावणीचे दिवस टाळावेत अशी लेखी विनंती अर्जासोबतच जोडावी.