गाडीचे प्रश्न, वाचकांचे : घाटात तापणारे इंजिन

प्रश्न : आमची पेट्रोल हॅचबॅक दहा वर्षांची आहे. पुणे-सातारा महामार्गावर तापमानाचा काटा मध्यावर स्थिर असतो, शहरात वाहतूक कोंडीत तो किंचित चढतो आणि वाईहून पाचगणीकडे पसरणी घाट चढताना थेट लाल रेषेला भिडतो. गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट (तापमानानुसार रेडिएटरकडचा मार्ग उघडणारी झडप) काढून टाकला आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) कमी झाले होते म्हणून बोअरचे पाणी भरले, तरी फरक पडला नाही. आता ‘हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावे लागेल’ असे सांगितले जाते. काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : हेड उतरवण्याची परवानगी एवढ्यात देऊ नका. ते काम खर्चाचे आहे आणि तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून तरी त्याची गरज सिद्ध होत नाही. इंजिन कोणत्या परिस्थितीत तापते, याकडे आधी नीट पाहावे. महामार्गावर वेगामुळे रेडिएटरमधून, म्हणजे कूलंट थंड करणाऱ्या जाळीतून, भरपूर वारा जातो, म्हणून तेथे काटा हलत नाही. कोंडीत आणि घाटात मात्र हा वारा मिळत नाही आणि सगळी भिस्त पंख्यावर येते. त्यातच घाटात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर भार मोठा असल्याने उष्णताही कितीतरी जास्त निर्माण होते. त्यामुळे माझा पहिला संशय पंख्यावर आणि दुसरा रेडिएटरवर आहे.

पंख्याची परीक्षा घरीच करता येते. गाडी उभी ठेवून इंजिन चालू करा आणि एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर रेडिएटरचा पंखाही फिरू लागतो. मग एसी बंद करून, काट्यावर नजर ठेवून इंजिन तसेच चालू राहू द्या. तापमान साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेल्यावर पंखा आपोआप सुरू झाला पाहिजे. तो एसीवर फिरतो पण तापमानावर फिरत नाही, असे दिसले तर मोटर शाबूत असून दोष सेन्सर, रिले किंवा वायरिंगमध्ये आहे. दोन्ही वेळा फिरला नाही तर फ्यूजपासून तपासणी सुरू करावी. पंखा बंद असला तरी तो अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून या वेळी हात आणि ओढणी-उपरण्यासारखे कपडे त्यापासून दूर ठेवावेत.

पंखा ठीक निघाला तर रेडिएटरकडे वळावे. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, त्याच्या पुढे बसवलेला असतो आणि या दोहोंच्या फटीत धूळ, किडे, वाळलेला पाला यांचा थर साचतो, जो समोरून पाहिल्यास दिसतच नाही. तो इंजिनाच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने धुवावा, कारण जोराच्या फवाऱ्याने पात्या वाकतात. आतून क्षार साचले आहेत का हे कळण्यासाठी गरम रेडिएटरवर इन्फ्रारेड तापमापक फिरवून पाहा. मध्येच थंड पट्टे आढळले तर त्या नळ्यांतून पाणी वाहत नाही असे समजावे. बोअरच्या जड पाण्याने नेमके हेच घडते, म्हणून ते काढून यंत्रणा स्वच्छ धुवावी आणि कंपनीने सांगितलेले कूलंट डिस्टिल्ड पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून भरावे. भरताना हीटर पूर्ण चालू ठेवून आतली हवा बाहेर काढणे विसरू नये, कारण अडकलेल्या हवेमुळेही इंजिन तापते. काढलेले कूलंट उघड्यावर ओतू नका. ते चवीला गोड पण विषारी असते आणि गल्लीतली कुत्री-मांजरे ते चाटतात.

रेडिएटरच्या झाकणाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, याचे मला वाईट वाटते. पाचगणीच्या सुमारे १३०० मीटर उंचीवर उघडे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते. झाकण साधारण एक बार दाब धरून ठेवते, म्हणून हा उत्कलनबिंदू वीसेक अंशांनी वर जातो. झाकणाचे रबर चिरले असेल तर हे संरक्षण नाहीसे होते. रात्रभर थंड झालेल्या गाडीचा वरचा होज पाइप चपटा पडलेला दिसला, तर झाकणाची आतली झडप अडकली आहे असे समजून झाकण बदलून टाकावे.

थर्मोस्टॅट मात्र पुन्हा बसवून घ्या. तो काढल्यास इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळते आणि झीज वाढते. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याची दुसरी चकती बायपासचा मार्ग बंद करते; चकतीच नसेल तर काही गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून थेट इंजिनात परत जाते, आणि भार वाढताच गाडी उलट अधिक तापते.

एवढे करूनही काटा चढला तरच हेड गॅस्केटचा, म्हणजे हेडखालच्या सीलबंद पट्टीचा, विचार करावा. कूलंट कुठे गळत नसताना कमी होत राहणे, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसणे, थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात होज पाइप दगडासारखा कडक होणे, ही त्याची लक्षणे आहेत. खात्रीसाठी रेडिएटरच्या तोंडावर रासायनिक चाचणी करून घ्यावी. ज्वलनाचा वायू पाण्यात येत असेल तर चाचणीतले निळे द्रव पिवळे पडते. ही चाचणी केल्याशिवाय हेडला हात लावू देऊ नये.

प्रश्न : घाटातच काटा लाल रेषेवर गेला तर त्या क्षणी काय करावे?
— एक वाचक, वाई

उत्तर : एसी बंद करून हीटर पूर्ण क्षमतेने लावा आणि वळण सोडून सुरक्षित जागा मिळताच थांबा. वाफ येत नसेल आणि पंखा फिरत असेल तर इंजिन काही मिनिटे तसेच चालू ठेवावे; वाफ दिसताच ते ताबडतोब बंद करावे. किमान अर्धा तास रेडिएटरचे झाकण उघडू नका आणि गरम इंजिनावर थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. लाल रेषेवरचा काटा एकाएकी खाली आला तरी निश्चिंत होऊ नये; कूलंट संपून सेन्सर कोरडा पडला की काही गाड्यांत काटा असाच फसवा खाली येतो, म्हणून अशा वेळीही इंजिन लगेच बंद करावे.