टीबीची रजा, बिनपगारी 24 दिवस आणि ग्रुपवर गेलेलं सर्टिफिकेट

दादा, मेसेज वाचला. कुपवाड एमआयडीसीत फाउंड्रीत 3 वर्षं काम, पगार 18,000, टीबी निघाला म्हणून 24 दिवस घरी, कंपनीने सगळे बिनपगारी धरले आणि वर एचआरने मिरजेच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट शिफ्टच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, आता जेवायच्या सुट्टीत शेजारी कोण डबा उघडत नाही.

आधी पैशाचं. पगाराची स्लिप काढा, ईएसआयचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे, 135 रुपये कापलेले दिसतील. ते कापलेत म्हणजे आजारपणाचे पैसे ईएसआयने द्यायचे, मालकाशी भांडून काय उपयोग नाही. सहा महिन्यांच्या टप्प्यात 78 दिवसांची वर्गणी भरली असली की वर्षात 91 दिवसांपर्यंत रोजाच्या 70 टक्के मिळतात, तुमचा रोज 600 धरला तर 420, पहिले 2 दिवस सोडून 22 दिवसांचे 9,240 च्या आसपास. उपचार लांबलेच तर 91 दिवसांनंतर टीबीला 80 टक्क्यांनी पुढे मिळतं, त्याला 2 वर्षं नोकरी लागते, ती तुमची आहेच.

घोळ सर्टिफिकेटचा आहे. ईएसआयला त्यांच्या डॉक्टरचं लागतं, तुमचं खाजगी. म्हणून केसपेपर, एक्सरे, थुंकीचा रिपोर्ट, गोळ्यांची बिलं जोडून ब्रांच ऑफिसला अर्ज द्या, हेच पुरावे धरा म्हणून लिहा, पोच घेतल्याशिवाय उठू नका. आणि निक्षयवर, म्हणजे टीबी पेशंटांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, नाव लागलंय का विचारा, खुराकाचे महिन्याला 1,000 खात्यावर येतात, कितीतरी पेशंटांना हे कोणी सांगतच नाही.

आता ग्रुपचं. टीबीची नोंद डॉक्टरने सरकारकडे करायचीच असते, पण म्हणून अख्ख्या शिफ्टला सांगायचा हक्क एचआरला मिळत नाही. त्यांना किती दिवस रजा आणि कामाला फिट की नाही एवढं कळलं की झालं. खरं सांगतो, एचआयव्ही आणि मानसिक आजाराला 2017 चे वेगळे कायदे आहेत तसा टीबीसाठी नाही, आणि सुप्रीम कोर्टाचा 2017 चा प्रायव्हसीचा निकाल मुख्यतः सरकारविरुद्ध चालतो, त्यामुळे लगेच केस टाकू म्हणणारा वकील भेटला तर खिसा सांभाळा. मॅनेजमेंटला लेखी तक्रार द्या, पोस्ट काढा, पुन्हा असं होणार नाही असं लेखी द्या, एवढंच मागा. आणि कामावरून काढायची भाषा झाली तर सांगा, ईएसआयकडून आजारपणाचे पैसे चालू असताना काढता येत नाही.

फक्त तक्रारीआधी ग्रुपचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, टाकणाऱ्याचं नाव आणि तारीख दिसली पाहिजे, अर्ज आत गेला की पहिली तीच पोस्ट गायब होते.