वाचकांचे प्रश्न : मालवणचा किनारा आणि तिथली माणसे

प्रश्न : उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तीन कुटुंबे नागपूरहून मालवण, तारकर्ली आणि देवबागला जाणार आहोत. पर्यटनामुळे तिथल्या लोकांचे भले झाले असे काही जण सांगतात, तर मच्छीमारांचा किनाराच त्यांच्या हातून निसटत चालला असेही ऐकू येते. यातले खरे काय?
– एक वाचिका, धरमपेठ, नागपूर

उत्तर : दोन्ही खरे आहे. कोणाच्या वाट्याला काय आले, हे बहुतांशी किनाऱ्यालगतची जमीन कोणाकडे राहिली यावर ठरले. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर अनेक स्थानिक कुटुंबांनी राहत्या घराला दोन-तीन खोल्या जोडून न्याहारी निवास सुरू केले. अशा घरी उतरलेल्या पाहुण्यांचे खोलीभाडे आणि जेवणाचे पैसे त्याच घरात राहतात, आणि पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा मे महिन्यातल्या या कमाईचा मोठा आधार होतो. ज्यांनी जागा विकल्या त्यांना मात्र पुष्कळदा त्याच जागेवरच्या रिसॉर्टमध्ये पगारी काम शोधावे लागते. ताडोबाच्या वेशीवरच्या गावांमध्ये आपण विदर्भातील लोक हेच पाहत आलो आहोत.

किनारा हातून जाण्याचा अर्थ समजून घ्यायचा असेल तर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून केली जाणारी पारंपरिक मासेमारी, पाहावी. होडीतून जाळे अर्धवर्तुळात समुद्रात सोडतात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर असतात आणि वीस-तीस माणसे, कधी त्याहून अधिक, दोन रांगांत उभी राहून ते जाळे तासन्‌तास ओढत आणतात. मग मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. या कामाला लांबच लांब मोकळी वाळू आणि किनाऱ्याजवळचे शांत पाणी लागते. नेमक्या त्याच पट्ट्यात जेट स्की आणि पॅरासेलिंगच्या बोटी फिरू लागल्या आणि खुर्च्या-छत्र्या मांडल्या गेल्या, तर रापण लावायची कुठे? रापणीला एकट्या पर्यटनाने मागे रेटले असे मात्र म्हणता येणार नाही, कारण यांत्रिक बोटींतून मासळीच्या अख्ख्या थव्याला वेढून पकडणाऱ्या मोठ्या पर्ससीन जाळ्यांशी पारंपरिक मच्छीमारांचा संघर्ष बराच जुना आहे. शिवाय जलक्रीडेच्या व्यवसायात मच्छीमारांची मुलेही आहेत, त्यामुळे हा वाद कधी कधी एकाच घरात येऊन बसतो. माझ्या मते किनाऱ्यावर पहिला हक्क रापणीचा मानला पाहिजे, कारण पाहुण्यांना दुसरी वाळू सापडते, रापणकरांना सापडत नाही.

पाण्याचा प्रश्न याहून कमी दिसतो, पण तो तितकाच गंभीर आहे. देवबाग ही कर्ली खाडी आणि समुद्र यांच्यामधली अरुंद वाळूची पट्टी आहे. अशा जमिनीत पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते आणि पंपाने बेसुमार उपसा झाला की विहिरीत खारटपणा चढतो. आपण मे महिन्यात, म्हणजे साठा सर्वांत कमी असताना जात आहात, तेव्हा पाणी जपून वापरावे.

मुक्कामासाठी मालक स्वतः राहतो असे घर निवडावे आणि शक्यतो त्याच्याशी थेट फोनवर बोलून खोल्या ठरवाव्यात, म्हणजे मधल्या दलालीत पैसा जात नाही. जेवणात सुरमईचाच आग्रह न धरता त्या दिवशी जी मासळी आली असेल ती मागावी. सकाळी रापण ओढली जात असेल तर दोर ओलांडू नये. मदत करावीशी वाटली, तर आधी रापणकरांना विचारावे.