तीनदा जाऊनही बरं वाटलं नाही, आता पुढे काय?

ताई, मी ३१ वर्षांची, तालुक्याच्या गावी शिक्षिका आहे. सहा-सात महिने झाले, पहाटे तीन-चारला जाग येते ती येतेच. जेवण नको वाटतं, वर्गात शिकवताना डोळे भरून येतात. एका समुपदेशकांकडे तीनदा गेले. सकारात्मक राहा, ध्यान करा, म्हणाले. दर वेळी आठशे रुपये. सासूबाई म्हणतात, ही सगळी थेरं. कधी वाटतं, रात्री झोपावं आणि उठूच नये. थेरपीने खरंच काही होतं का?

प्रिय मैत्रिणी,

उठूच नये असं वाटतं, हे तू जाता जाता लिहिलंस. मला तेच आधी बोलायचंय. हे आजच नवऱ्याला किंवा बहिणीला, ज्याच्यावर तुझा विश्वास आहे त्याला सांग. जीव संपवण्याचे विचार येऊ लागले तर १४४१६ वर फोन लाव. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही. स्वतःला काही करून घेशील अशी भीती वाटली, तर एकटी राहू नकोस, कुणाला तरी घेऊन थेट जवळचं रुग्णालय गाठ.

आता तुझा प्रश्न. हो, थेरपीने फरक पडतो. पण तुला मिळाला तो उपदेश होता, आणि तो तर घरीदारी फुकट मिळतो.

पत्रावरून निदान करता येत नाही. तरी पहाटेची जाग, गेलेली भूक, येणारं रडू, तेही इतके महिने, हे नैराश्य असू शकतं. म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञांना, म्हणजे मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांना भेट. जिल्हा रुग्णालयात चौकशी कर, तिथे खर्च फार येत नाही. थायरॉइड आणि बी-१२ तपासायचं का, तेही त्यांना विचार. थायरॉइड कमी पडलं तरी माणूस असाच कोमेजतो. गोळ्या दिल्या तर दोन ते चार आठवडे धीर धर, त्यांचा गुण उशिरा येतो. नैराश्यावरच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. फक्त त्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत.

सोबत थेरपी हवीच. समुपदेशकाची पाटी कुणीही लावतं, त्यात उत्तम माणसंही आहेत, पण पारखून घ्यावं लागतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर थेरपी देणारे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचार. माझ्या त्रासावर कोणती पद्धत वापरणार, साधारण किती सेशन लागतील, फरक पडतोय हे कसं कळणार, हेही विचार. चांगल्या थेरपिस्टला या प्रश्नांचा राग येत नाही. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी, अशा पद्धतीत पहाटे जाग आल्यावर मनात नेमकं काय येतं, मग तू काय करतेस, याची नोंद ठेवायला सांगतात आणि त्यावर दोघं मिळून काम करतात. साधारण बारा ते सोळा सेशन लागतात; तीनात निकाल लागत नाही. मात्र चार-पाच भेटींनंतरही आपलं ऐकलं जात नाही असं वाटलं, तर तसं तोंडावर सांग. तरीही बदल दिसला नाही तर माणूस बदल. जुळणं फार महत्त्वाचं असतं.

सासूबाईंना पटवण्यात आत्ता शक्ती घालवू नकोस. पहिल्या भेटीला नवऱ्याला सोबत ने. जाताना झोप, भूक, पाळी, चालू असलेली औषधं आणि तो उठूच नये असा विचार, सगळं कागदावर लिहून ने; डॉक्टरांसमोर ऐन वेळी सुचत नाही. आणि मे महिन्याच्या सुट्टीची वाट बघू नकोस, याच आठवड्यात रजा टाक.

तुझी ताई