वीसपैकी चौदा

प्रश्न: मुलगी पोर्तुगालमध्ये कुइंब्रा विद्यापीठात शिकतेय. पेपरात 14 गुण मिळाले म्हणाली, तेही आनंदाने! शिवाय आजोबांनी शिकवलेलं पोर्तुगीज असूनही तिथलं बोलणं कळत नाही म्हणते. काळजी वाटते. – एक आई, फोंडा

उत्तर: ताई, पेढे वाटा! तिथं गुण 20 पैकी देतात, 10 ला पास. 14 म्हणजे चांगलेच. बोलण्याचं म्हणाल तर तिकडची माणसं स्वर गिळतात, अर्धा शब्द ओठांतच राहतो. आपल्या गोव्यातल्या म्हाताऱ्यांचं, 1961 पूर्वीच्या पोर्तुगीज राजवटीतलं पोर्तुगीज कसं सावकाश, सुटंसुटं! लिस्बनला शिकताना बेकरीतल्या बाईला मी ‘जरा हळू’ म्हणायचे. ती हसून आणखी सुसाट सुटायची. हळूहळू कान सरावतो. आणि हो, भेटल्यावर तिथं गालाला गाल लावतात. तसले फोटो आले तर दचकू नका.