नवी यंत्रणा आल्यावर पोलीस आणि फायर ब्रिगेडचे जुने वायरलेस सेट कुठे जातात?

इंदूरच्या जुन्या बाजारात एका कबाड्याकडे तुम्हाला बाजूला नंबर रंगवलेला वायरलेस सेट दिसला, आणि असे सेट तिथवर कसे येतात, तो घेतला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी इंदुरातच हे सेट दुरुस्त करत आलोय, म्हणून लिहितो.

घेण्याबद्दल आधी सांगतो: कागद नसतील तर घेऊ नका. १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून असा सेट नुसता जवळ ठेवायलाही परवाना लागत आलाय. ४४६ मेगाहर्ट्झच्या एका अरुंद पट्ट्यातले कमी ताकदीचे वॉकीटॉकी तेवढे मोकळे आहेत. पोलिसांचा सेट त्यात बसत नाही. बाजूचा तो रंगवलेला नंबर बहुधा खात्याच्या स्टॉक रजिस्टरमधला असणार. विकणाऱ्याकडे लिलावाची पावती मागा. ती नसेल तर सेट कुठून बाहेर पडला हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि उद्या चौकशी झाली तर ज्याच्या घरात तो सापडेल त्यालाच उत्तर द्यावं लागेल.

यंत्रणा बदलली म्हणून जुने सेट लगेच निघत नाहीत. नवीन टॉवरची रेंज घाटात, खेड्यात कुठे तुटते हे वापरल्याशिवाय कळत नाही, म्हणून दोन्ही यंत्रणा काही काळ सोबत चालवाव्या लागतात. जुना ॲनालॉग सेट सॉफ्टवेअर टाकून डिजिटल होत नाही. टेट्रा आणि डीएमआर या वायरलेसच्या डिजिटल पद्धती. टेट्रामध्ये २५ किलोहर्ट्झच्या एका चॅनलवर चार जणांचं बोलणं आळीपाळीने जातं, डीएमआरमध्ये साडेबारा किलोहर्ट्झवर दोघांचं. त्यासाठी आवाजाचे आकडे करावे लागतात आणि ते करणारा भागच जुन्या सेटात नसतो. मग चांगले सेट मोठ्या बंदोबस्तासाठी राखीव म्हणून ठेवले जातात आणि बाकीच्यांतून नॉब, माईकच्या वायरी, अँटेना, बोलायचं बटण असे सुटे भाग काढून घेतले जातात. जे उरतं त्याचं निर्लेखन होतं, म्हणजे ते खात्याच्या नोंदीतून काढून टाकलं जातं: रजिस्टरमधल्या नंबराशी एकेक सेट ताडून पाहायचा, समितीची सही घ्यायची आणि मग लिलाव. केंद्र सरकारची एमएसटीसी कंपनी असे ई-लिलाव करते. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार हा माल नोंदणीकृत रिसायकलरकडे किंवा दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडेच जायला हवा.

लिलावाआधी मेमरी पुसायची असते, आणि तिथेच घाई होते. मोटोरोलाचा जीएम ३०० घ्या. त्याचं प्रोग्रॅमिंग डॉस या कॉम्प्युटरच्या जुन्या प्रणालीवर चालतं आणि कॉम्प्युटर फार वेगवान असला तर सेटशी त्याचं जुळतच नाही, म्हणून आम्ही एक जुनाट मशीन जपून ठेवलंय. केबल लावून सेट वाचला की सगळे चॅनल आणि रिपीटरचा टोन ओळीने समोर येतात. रिपीटर म्हणजे सेटचा आवाज पकडून पुन्हा लांबवर पाठवणारं यंत्र, आणि टोन म्हणजे ते उघडणारी खूण. तो रिपीटर अजून चालू असेल, तर सेट हाती आलेला कुणीही बटण दाबून मधे बोलू शकतो. त्या क्षणी दुसरीकडून एखादी गाडी ॲम्ब्युलन्स मागत असेल. डिजिटल सेटात तर त्याची स्वतःची ओळख आणि गुप्त कीसुद्धा असते. टेट्राचा हरवलेला सेट नेटवर्कवरून कायमचा बंद करता येतो, तो चालू होऊन नेटवर्कला सापडला पाहिजे एवढंच.

मेमरी पुसायला वेळ नसला की हातोडा निघतो. एका खात्याचे सेट असे फोडताना मी पाहिलेत आणि ते आजही मनातून जात नाही. जुन्या, जास्त वॅटच्या सेटांत पॉवर ट्रान्झिस्टरखाली पांढऱ्या चिनीमातीसारखी चकती असते. बऱ्याच ट्रान्झिस्टरांत ती बेरिलियम ऑक्साइडची असायची. अखंड असेपर्यंत तिचा काही त्रास नाही. फुटली की तिची धूळ श्वासातून आत जाते, आणि त्यातून होणारा फुप्फुसांचा आजार बरा होत नाही. हँडसेटच्या जुन्या बॅटऱ्या निकेल-कॅडमियमच्या, आणि कॅडमियम मूत्रपिंड खराब करतं. तोंडाला रुमालही न बांधता हे फोडणारी पोरं चौदा-पंधरा वर्षांची असतात. कुठल्याही खात्यातले कुणी हे वाचत असतील तर माझी हात जोडून विनंती आहे: मेमरी पुसा, बॅटरी वेगळी काढा, पण सेट फोडू नका.

यातले कितीतरी सेट चालू असतात. १३६ ते १७४ मेगाहर्ट्झमधला सेट बहुतेक वेळा आपल्याकडच्या १४४ ते १४६ च्या हॅम बँडवर, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणाऱ्यांसाठी राखलेल्या पट्ट्यावर, आणता येतो. अमेरिकेत १ जानेवारी २०१३ पासून २५ किलोहर्ट्झचे चॅनल साडेबारावर आणायची सक्ती झाली, तेव्हा बाद झालेले पुष्कळ सेट असेच हॅम मंडळींकडे गेले. २००१ मध्ये भूजच्या भूकंपात फोन बंद पडले, तेव्हा हॅमवाल्यांनीच निरोप पोचवले होते. आपल्याकडेही रीतसर कागद करून हे सेट पॉलिटेक्निकच्या मुलांपर्यंत पोचावेत असं मला फार वाटतं.

तुम्हाला खरंच आवड असेल तर आधी हॅमची परीक्षा द्या. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेला कुणीही बसू शकतो. साधं इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम विचारतात. परवाना आला की पावती असलेला सेट शोधा आणि मेमरी पुसून हॅमचे चॅनल भरून घ्या. तोवर माईकचं बटण दाबू नका. बँडवर आणायला मी मदत करीन.