पाकीट एमपीफोरचं, आत काय?

प्रश्न: फोनवर शूट केलेली शॉर्टफिल्म माझ्या वेबसाइटवर टाकली, फाइल एमपीफोर आहे, माझ्याकडे झकास चालते पण मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर नुसता आवाज येतो, चित्र काळं. एमपीफोर सगळीकडे चालतं म्हणतात ना? आणि इतके फॉरमॅट हवेत कशाला, एकच ठेवायला काय जातं?

उत्तर: एमपीफोर हे नुसतं पाकीट आहे हो, आतलं पत्र कुठल्या भाषेत लिहायचं ते कोडेक, म्हणजे व्हिडिओ किंवा आवाज दाबून लहान करायची आणि परत उलगडायची पद्धत, ठरवते, आणि मित्राच्या लॅपटॉपला आवाजाची भाषा कळतेय, चित्राची नाही. बरेच फोन जागा वाचवायला एचईव्हीसी नावाच्या कोडेकमध्ये रेकॉर्ड करतात, मला तोच संशय आहे. व्हीएलसी या फुकट व्हिडिओ प्लेअरमध्ये फाइल उघडून कोडेकची माहिती बघा, लगेच कळेल.

आता एकच का नाही, तर भांडण क्वालिटीचं कमी, पेटंटचं जास्त. २००३ चा एच.२६४ हा कोडेक चांगलाच होता पण त्यावर रॉयल्टी, म्हणून फायरफॉक्सवाले अडून बसले. २०१० मध्ये गूगलने ऑन२ कंपनी विकत घेऊन तिचा व्हीपी८ कोडेक फुकट खुला केला, त्यातून वेबएम हे नवं पाकीट आलं, आणि २०११ च्या जानेवारीत क्रोममधून एच.२६४ काढणार अशी घोषणाही केली, जी कधी अमलात आलीच नाही! उलट फायरफॉक्सच नरमला आणि एच.२६४ चालवायला लागला. मग २०१३ ला एचईव्हीसी आला, त्याच्या पेटंटवाल्यांचे गटच अनेक, पैसे कोणाकोणाला द्यायचे हाच घोळ, म्हणून क्रोम, फायरफॉक्ससारखे ब्राउझर बरीच वर्षं त्याच्यापासून लांब राहिले. याला वैतागून २०१५ मध्ये गूगल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट, नेटफ्लिक्स वगैरे एकत्र आले आणि २०१८ मध्ये एव्ही१ हा कोडेक काढला. रॉयल्टी नाही, फाइल लहान, पण एन्कोड करायला, म्हणजे व्हिडिओ दाबायला, वेळ खातो आणि जुन्या मशीनवर हार्डवेअर डिकोडर, म्हणजे तो उलगडणारा चिपमधला खास भाग, नसला की सगळा भार प्रोसेसरवर, पंखा भणभणायला लागतो.

तुम्ही हँडब्रेक या फुकट कन्व्हर्टरमध्ये एच.२६४ आणि एएसी आवाज निवडून फाइल परत काढा, मित्राचं काम होईल. हौस असेल तर एव्ही१ चीही एक कॉपी ठेवा, वेबपेजच्या एचटीएमएलमधल्या व्हिडिओ टॅगमध्ये दोन सोर्स देता येतात, एव्ही१ वर आणि एच.२६४ खाली, टाइपमध्ये कोडेकचं नाव तेवढं लिहा, ब्राउझर वरून बघत येतो आणि जे जमतं ते पहिलं उचलतो. फक्त फाइलचं नाव बदलून वेबएम करू नका, पाकीट बदललं असं वाटतं पण तेही बदलत नाही.